गाऱ्हाण्यातलं आडनाव

आमच्या वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आप्पांचा. माझे चुलत दीर. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात दात चार, हट्ट मात्र बत्तिशीचा. शिमग्यात पालखी अंगणात आली की घरातल्या एकेकाचं नाव घेऊन ते देवाकडे मागणं मागतात. पण ज्याच्या घराण्याचं मूळ गाव ठाऊक नाही, त्याचं नाव घेत नाहीत. "पत्त्याशिवाय देवाने जायचं कुठे?" असं वर विचारतात. संगमेश्वरापासून केळशीपर्यंत कुठलं घराणं कुठून उठून कुठे गेलं, सगळं त्यांना तोंडपाठ.

यंदा माझी लेक नेत्रा जर्मनीहून आली, सोबत नवरा योनास आणि सात महिन्यांची मनस्वी. नवरा गेल्यापासून या घरात मी एकटीच. मला एकच हवं होतं, नातीचं नाव एकदा देवाच्या कानावर पडावं.

"आडनाव स्टाइनबाखर? मग गाव कुठलं?" आप्पांनी सुरू केलंच.

योनासचं म्हणणं नेत्राने सांगितलं. स्टाइनबाख नावाची गावं तिकडे ढीगभर, त्यातलं यांचं कुठलं ते त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"मग राहिलं," आप्पा म्हणाले.

पालखी शेजारच्या अंगणात पोचली होती, ढोल वाजत होते. माझं डोकंच फिरलं. "भावोजी, पोरीचा पासपोर्ट काढताय काय?"

योनास बिचारा घाबरला. त्याने तिकडे आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिथे नुकतं उजाडलं होतं. म्हातारी केस न विंचरताच बोलायला बसली, आणि बोलत सुटली; नेत्रा मराठीत सांगत गेली. त्यांचं गाव दगडांच्या ओढ्याकाठी, म्हणून स्टाइनबाख. घराण्यातले लोक दगड फोडायचे. पोटासाठी बाहेर पडले तसे परक्या गावात लोक त्यांना गावाच्या नावाने ओळखू लागले. कोणी शहरात कारखान्यात गेले, कोणी बोटीने अमेरिकेला. नाव सगळीकडे पसरलं. एक तेवढा म्हातारपणी परत आला, त्याची पणती म्हणजे ही आत्या.

"आपल्या हेदवकरांसारखंच की गो, गावाचं नाव घेऊन पांगलेले!" आप्पा पुढे सरकले. "आता तिथे कोण असतं?"

"एकटी आत्याच," नेत्रा म्हणाली. "लग्न नाही केलं. पंच्याऐंशीची आहे."

"छपराचं कोण बघतं?"

"तीच."

तेवढ्यात पालखी आली. मी ओटी भरली. आप्पांनी हात जोडले.

"बा म्हाराजा! स्टाइनबाख गावच्या घराण्यातली ही मनस्वी, तिला सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं. फोनवर म्हातारीनेही हात जोडले.

"चाकरीला मुलखाबाहेर गेलेल्यांना सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपतं. चाळीस वर्षं ऐकतेय मी. पण आप्पांचे हात खाली येईनात.

"आणि मागे एकटी घर राखून राहिलेल्या बाईला बळ दे रे म्हाराजा!"

'व्हय' म्हणायला मी तोंड उघडलं, पण शब्दाआधी रडूच आलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"दोघींना, म्हाराजा," ते म्हणाले. "दोघींना."