लाल तुकडा आणि रबरी कोट

तीस सालानंतरच्या एका पावसाळ्यात मी आगरदांडा ते दिघी टपालाची थैली पोचवत असे. खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीचा, म्हणजे तरीचा, मक्ता एका शेठकडे होता आणि थैली पलीकडे नेण्याची जबाबदारीही त्याचीच. त्याने मला ठेवलं, तेव्हा अट एकच सांगितली. थैली भिजली की काम गेलं.

थैली कापडी होती. ती गळ्यात अडकवून छातीवर घ्यायची आणि वरून रबरी कोट घालायचा. पावसाळ्यात खाडीत वारा समोरून येतो, पाऊस आडवा लागतो. होडी पलीकडे जायला तास लागे, कधी दोन. तेवढा वेळ तो कोट हेच थैलीचं छप्पर.

शेठने हुकूम काढला, की टपालवाल्याच्या कोटावर छातीशी लाल कापडाचा तुकडा हवा. गर्दीत तो लांबून दिसावा आणि लोकांनी त्याला आधी होडीत घ्यावं. स्वतःच्या कोटावरही त्याला तसाच तुकडा हवा होता. दोन्ही कोट माझ्या मामूकडे आले. मामू म्हणजे आईचा सख्खा भाऊ. दिघीत त्याचं शिंप्याचं दुकान होतं आणि शेठच्या माणसांचे कपडे तोच शिवत असे.

रबरी कापडाला सुई लावायची नसते. भोक पडलं की ते बुजत नाही, आणि भोकातला सुती धागा वातीसारखा पाणी आत ओढतो. हे मला मामूनेच शिकवलं होतं. त्याची रीत अशी: तुकड्याचे कोपरे गोल कापायचे, म्हणजे ते उचकटत नाहीत. किनाऱ्यावर सापडणाऱ्या समुद्रफेसाच्या खरखरीत तुकड्याने रबर हलकं घासायचं. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, पुन्हा लावायचं, मग दाबायचं. वर पाटा ठेवून एक दिवस हात लावायचा नाही. सोल्युशनचा डबा मीच म्हसळ्याला चालत जाऊन आणला होता.

तिसऱ्या दिवशी कोट मिळाला. तुकड्याच्या कडेने काळी पट्टी चिकटवलेली होती. ती मी सांगितली नव्हती.

"मामू, सुई लावली न्हाय ना?"

"सुई? तुझ्या छातीवर मी सुई लावीन? अल्ला कसम, कायतरी बोलतोस."

दुसऱ्या दिवशी थैली घेऊन होडीत चढलो, तेव्हा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी, मला पाहून म्हणाला, "काय रे, छातीवर पाटी लावून कुठं? नवरदेव हायस का दुकान?" सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवशी वारा आणि पाऊस नेहमीसारखेच होते. दिघीच्या टपाल कचेरीत मास्तरांनी थैली उघडली आणि आतली पत्रं एकमेकांना चिकटलेली निघाली. शाई पसरली होती. तीन पाकिटांवरचे पत्ते वाचता येत नव्हते. मास्तरांनी एक चिठ्ठी लिहिली आणि शेठकडे पाठवली.

शेठने धक्क्यावरच्या शेडमध्ये मला आणि मामूला बोलावलं. माझ्या कोटाचं अस्तर त्याने चाकूने उसवलं. आत तुकड्याच्या चारी बाजूंनी हातशिलाईचे टाके होते. बाहेरून तेच टाके काळ्या पट्टीखाली झाकलेले होते.

"हे काय?" शेठने मामूला विचारलं.

"शेठ, तुमचा कोट बघा की. कुठं टाका हाय का? दोन्ही एकाच दिवशी, एकाच डब्यातनं चिकटवले. भाचा माझा हाय, पण खोटं कशाला बोलू? तुकडा सैल झाला असंल, यानं कुणाकडनं तरी शिवून घेतला."

शेठने स्वतःचा कोट मागवला. अस्तर चाचपलं, तुकडा नखाने ओढून पाहिला. एकही टाका नव्हता.

मी म्हणालो, "मी शिवून घेतलेलं नाही."

"मग सुई आपली आपण चालली?" शेठ म्हणाला. शेडमधली माणसं हसली. त्यांत तांडेलही होता. मामू खाली बघत होता.

कोट तिथेच ठेवून मी निघालो. काम संपलं होतं.

संध्याकाळी मामू आमच्या घरी आला. आईला सगळं कळलं होतं. तिने त्याला बस म्हटलं नाही. तो उंबऱ्याशीच उभा राहून बोलला. हवा दमट होती, सोल्युशन धरत नव्हतं, वाळायची वाट बघण्यात अर्धा डबा घट्ट होऊन गेला. उरलं ते एका कोटापुरतं.

"शेठचा आधी लावला. तुझा उरला."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू कोट घातला असतास?"

घातला असता. थैली पाठीकडे बांधली असती, एवढंच. पाठीला पाऊस लागत नव्हता. हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तू तरणा हायस. तुला काम मिळंल. शेठचं शिवण गेलं तर मला या वयात कोण उभं करंल?"

आई त्याला म्हणाली, "हे शेडमध्ये सांग." तो गेला. शेडमध्ये त्याने ते कधीच सांगितलं नाही.

आठवड्याने शेठने नवा माणूस ठेवला. माझाच कोट त्याला द्यायचा ठरला आणि तो पुन्हा मामूकडे गेला. मी दुकानासमोर उभा राहून पाहिलं. मामूने टाके एकेक करून उसवले, धाग्याचे तंतू चिमट्याने काढले. आतून रबरी कापडाची पट्टी भोकांवर चिकटवली, ती सुकू दिली, त्यावर दुसरी. लाल तुकडा नव्या डब्यातल्या सोल्युशनने बसवला आणि वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तेव्हा त्याने तुकडा खाली येईल असा कोट दोन माणसांना झोळीसारखा धरायला लावला, आत तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली हात धरून बराच वेळ थांबला. हात कोरडा राहिला.

मी तिथे उभा होतो हे त्याला माहीत होतं. त्याने वर पाहिलं नाही. काम चोख झालं होतं.