मावशींनी हुंगलेल्या बारा पिशव्या

कागद खाणाऱ्या जिवाणूंच्या पिशवीत कागदाचीच चिठ्ठी टाकायची, ही अक्कल पीएचडी करणाऱ्यालाच सुचते. कचरा डेपोवर बारा ठिकाणचा कुजका माल भरून त्याने प्रत्येक पिशवीत जागेची चिठ्ठी घातली आणि फ्रिज भरलेला म्हणून पिशव्या तीन आठवडे टेबलाखाली ढकलून ठेवल्या. उघडल्या, तर चिठ्ठ्यांचा लगदा. जिवाणूंनी काम चोख बजावलं होतं.

या जिवाणूंचा अख्खा डीएनए वाचून घ्यायचा होता. पण कुठला नमुना कुठला, हे कळल्याशिवाय त्याच्या गाइड मॅडम एकही पुढे पाठवणार नव्हत्या. डीएनए वाचणाऱ्या मशीनची मिळालेली तारीख परवाची. ती हुकली की त्याचं वर्ष गेलं.

तो डेपोच्या गेटवरच्या मावशींकडे गेला. मावशी दुधाचे दात पडायच्या आधीपासून या ढिगावर. आधी चिंध्या वेचल्या, आता कुठली गाडी कुठल्या खड्ड्यावर जायची ते त्याच ठरवतात. शाळा पाहिली नाही, पण कुठल्या साली कुठे काय पडलं ते तोंडपाठ.

"काय डॉक्टर, आज हात जोडून?"

"मावशी, घोळ झालाय."

"तो चेहऱ्यावरच दिसतोय. आण पिशव्या."

मावशी एकेक पिशवी हुंगत, चिमूट चोळत गेल्या. "हा भुसा. सुतारांच्या गाड्या मागच्या उतारावर. या फायली, कचेरी हलली तेव्हाच्या, खालचा खड्डा. साहेबलोकांचं काम, अजून पुरतं कुजलेलं नाही."

त्यालाही एकेक जागा आठवत गेली. अकरा झाल्या. बारावी नाकाशी नेऊन मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ही कुठली?"

"वरच्या... टेकाडावरची."

"टेकाडावर गवत कापून कोण टाकतं रे? ही तुमच्या कॉलेजच्या बागेतली. ऊन लागलं होतं ना त्या दिवशी?"

त्याचे कान लाल झाले. "मॅडमना सांगू नका."

"मी कशाला? तूच सांगशील. आधी चढ आणि खरी भर."

तो चपलांवरच निघाला, तेव्हा मावशींनी स्वतःच्या पायातले गमबूट काढून दिले. पिशवी भरली, या खेपेला जागा बाहेरून मार्करने लिहिली. उतरताना डावा पाय चिखलात गुडघाभर रुतला. पाय निघाला, बूट नाही.

मॅडमनी सगळं ऐकलं, तासभर झाडलं आणि बाराही नमुने वेळेत पाठवले.

त्याने मावशींना नवा जोड नेला, तर दोन बोटं मोठा. "डीएनए वाचता, पायाचं माप नाही वाचता येत?" बदलून आणतो म्हणाला, ते अजून राहिलंच आहे. मावशी एक बूट, एक चप्पल घालून गाड्यांना हात करतात आणि कुणी विचारलं की डॉक्टरांचं नाव सांगतात.