ॲटच्या आधीचं टिंब

सन २०२३. वय एकाहत्तर. शहाद्याजवळच्या एका शाळेच्या फाटकापाशी मी शिडीवर उभा होतो आणि खालून मोठे सर ओरडत होते, "चाचा, टिंब विसरलात!"

विसरलो नव्हतो. टाकलंच नव्हतं.

मी गफूर पेंटर. शाळा चौथीत सुटली. इंग्रजी वाचता येत नाही, पण पन्नास वर्षं अक्षरं काढतोय. कुठल्या अक्षराशेजारी काय बसत नाही, ते हाताला कळतं. पिवळा बोर्ड मुलींच्या वसतिगृहाचा होता. अर्ज फक्त ईमेलवर घेणार होते. सरांनी कागदावर पत्ता दिला : एस टिंब, व्ही टिंब, व्ही टिंब, आणि त्याला चिकटून तो शेपटीचा ए, ज्याला ॲट म्हणतात.

ईमेलचे नियम मला कुणी शिकवले नाहीत. चुकलेले बोर्ड पुन्हा रंगवता रंगवता शिकलो. ॲट एकच. मध्ये मोकळी जागा नाही. दोन टिंबं शेजारी नाहीत. आणि ॲटच्या पाठीला टिंब चिकटत नाही म्हणजे नाही.

"सर, हे चालत नाही."

"मी मराठीचा एम.ए. आहे. संक्षेपाला टिंब लागतंच. मु. पो. कसं लिहिता तुम्ही?"

"मु. पो. पोस्टमन वाचतो, सर. तो समजून घेतो. हे मशीन वाचतं."

"म्हणजे चौथी पास माणूस मला व्याकरण शिकवणार?"

"पास कुठला, सर. चौथीत सोडली."

उतरलो, थेट ऑफिसात गेलो. शाळेचे मेल शैलाताई बघतात. कागदावरचा पत्ता त्यांना जसाच्या तसा टाकायला लावला. खाली लाल अक्षरं आली.

"चाचा, हाई जास नही," ताई हळूच अहिराणीत म्हणाल्या. "आपला पत्तामा ते शेवटलं टिंब शेच नही. पन सरले कोन सांगी?"

"मी सांगसू."

फाटकापाशी येऊन सांगितलं, की खऱ्या पत्त्यात ते शेवटचं टिंब नाहीच. "सर, डोंगरातल्या मोलगीची बाई जीपला लटकून येईल, बोर्डावरून पत्ता उतरवून नेईल. तिच्या पोरीचा अर्ज पोचणारच नाही. जागा दुसरीला जाईल."

"मशीन बिघडलंय," म्हणत सरांनी माझ्या हातातला ब्रश ओढला, शिडी चढले आणि स्वतः टिंब दिलं. लाडवाएवढं. ओघळ आला. "आता खाली तुमचं नाव टाका."

"चुकीच्या बोर्डावर माझं नाव जात नाही."

"मग राहू द्या!"

राहू दिलं. डबे, शिडी उचलून घरी आलो.

शिकलेल्या माणसाची चूक तोंडाने निघत नाही. ब्रशने निघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आत, शिडी खांद्यावर घेऊन गेलो. टिंबावर पिवळ्याचे दोन हात मारले. मग खाली कोपऱ्यात, नेहमीपेक्षा ठळक, लिहिलं : गफूर पेंटर, शहादा.