पंचा नेसलेले दोन व्याही

जळगावात राहून घरामागे सौना बांधणाऱ्या माणसाला एकच विनोद पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, आणि प्रत्येकजण तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा ऐकवतो. "मे महिन्यात पत्र्याखाली बसा की, फुकटात!" शेजाऱ्याने ऐकवला, दूधवाल्याने ऐकवला. दाढ काढताना दातांच्या डॉक्टरने ऐकवला, तेव्हा तर तोंड उघडं असून मला काही बोलता येईना. बायकोने तेवढा ऐकवला नाही. तिने फक्त विचारलं, "आणि सरपण कोण फोडणार?"

सौना म्हणजे लाकडं जाळून तापवलेली छोटी खोली. आत बाकावर बसायचं, शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतायचं आणि वाफेत घाम काढायचा. मला हे व्यसन लागलं फिनलंडमध्ये. मुलगी आणि जावई तिकडे नोकरीला. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवराबायको दोन महिने जाऊन राहिलो होतो. बाळ झालं, सगळं सुखरूप पार पडलं, आणि एक दिवस जावई म्हणाले, "पप्पा, चला, सौनात बसू." मी टॉवेल, बनियन, साबण असं सगळं घेऊन गेलो. जावई काहीच न घेता आले. काहीच म्हणजे काहीच नाही. तिकडची पद्धतच तशी, म्हणाले. लग्नात ज्यांचे पाय धुतले, त्यांचं बाकी सगळं असं एकदम बघावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. मी माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी दोन्ही हातांनी धरून छताकडे बघत बसलो.

पण दहा मिनिटांत लाज वितळली. मी पाइपच्या कारखान्यात मशीनवर उभा राहून नोकरी काढलेला माणूस. कमरेत एक गाठ होती, तिच्यावर तेल, लेप, मालिशवाला, सगळे हरले होते. त्या वाफेत ती गाठ सैल झाली. मग मी रोज जायला लागलो. मुलगी म्हणायची, "पप्पा, नातवाकडेही बघा कधी."

जळगावला परत आलो. डिसेंबर लागला, थंडी पडली आणि कंबर पुन्हा धरली. मी बायकोला सांगून टाकलं, मागच्या मोकळ्या जागेत सौना बांधणार.

गवंडी बोलावला तो खास भट्ट्या बांधणारा. बेकऱ्यांच्या पावभट्ट्या बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी कागदावर काढलेलं चित्र त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"भाऊ, हाई पावभट्टी शे का?"

"नाही. यात माणसं बसणार."

"जित्ता मानसं?"

"हो, जिवंत. मी बसणार."

त्याने कागद माझ्या हातात परत दिला आणि शांतपणे म्हणाला, "डाक्टरले दखाडा भाऊ." पण दुसऱ्या दिवशी थापी घेऊन हजर झाला. माणूस भाजायची भट्टी आपल्याशिवाय दुसऱ्या कोणी बांधावी, हे त्याला सहन झालं नसावं.

विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. आतून फळ्या मारायच्या होत्या. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने मशीन ज्या खोक्यांतून येतात ती पाइनच्या, म्हणजे चिडाच्या लाकडाची खोकी मिळवून दिली. शेतातला एक कडुनिंब वादळात पडला होता, त्याचे बाक आणि दार केलं. शेगडी एका वेल्डरने जाड लोखंडी पाइपाचा तुकडा कापून बनवली. धुराडं राहिलं. आयुष्यभर मी प्लॅस्टिकचे पाइप काढले, घरी सगळीकडे तेच बसवले, आणि नेमका हाच एक पाइप प्लॅस्टिकचा चालणार नव्हता.

दगड मी हौसेने भडगावला जाऊन गिरणा नदीच्या पात्रातून आणले. काळे, गुळगुळीत, शाळिग्रामासारखे. पहिल्यांदा शेगडी पेटवली आणि अर्ध्या तासात त्यातला एक दगड असा फुटला की शेजारचे घराबाहेर आले. मग दुसरा, मग तिसरा. मी बाकाखाली आडवा पडून जावयांना फोन लावला. ते म्हणाले, "पप्पा, नदीचे दगड घेतलेत का? त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं." हे त्यांनी आधी सांगितलं होतं म्हणे. मी नातवाकडे बघत असेन. शेवटी खाणीतून फोडलेले ओबडधोबड काळे दगड आणले. ते फुटले नाहीत.

जावयांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती मात्र मला नीट आठवत होती. सौनाचं दार बाहेर उघडलं पाहिजे, म्हणजे आतल्या माणसाला नुसतं ढकलून बाहेर पडता येतं. गवंड्याने ते आत उघडणारं बसवलं. मी बोललो तर म्हणाला, बाहेर उघडतं ते संडासाचं दार, घराचं नाही. सिमेंट वाळलेलं होतं. मीही म्हटलं, जाऊ दे.

तर असा सौना तयार झाला. मी दिवसाआड बसू लागलो. दगडांवर पाणी टाकलं की वाफेचा असा काही लोट अंगावर येतो की माझ्या तोंडून आपोआप आरोळी निघते. पहिल्या दोन वेळा बायको घाबरून धावत आली. नंतर यायची बंद झाली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जानेवारीत आमचे व्याही आणि विहीणबाई धुळ्याहून आले. जळगावात त्यांच्या नात्यातला साखरपुडा होता, तो आटोपून मुक्कामाला आमच्याकडे. व्याही निवृत्त मुख्याध्यापक, विषय इंग्रजी. बोलणं असं की समोरच्याने वहीत उतरवून घ्यावं. मुलांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आमच्यात "प्रवास कसा झाला" आणि "थंडी बरीच आहे" यापलीकडे कधी काही बोलणं झालं नव्हतं. ते मला "आपण" म्हणत, मी त्यांना "आपण" म्हणे, आणि आपण दोघेही लवकर निघायची वाट बघत असू.

मी त्यांना मागे नेऊन सौना दाखवला. मफलर न सोडता त्यांनी आत डोकावून पाहिलं. "घाम ही वैयक्तिक बाब आहे," म्हणाले.

मागून विहीणबाई हसल्या. "ह्यांना नाही जमायचं ते."

एवढं पुरलं. चार वाजता व्याही कमरेला पंचा, वर बनियन आणि मनगटाला घड्याळ अशा वेषात सौनात शिरले. मीही पंचा गुंडाळला. जावयासमोर चड्डी धरून बसलो होतो, आता त्यांच्या वडिलांसमोर पंचा धरून बसलो. आमच्या दोघांच्या बायकांनी पुढच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला घेतली होती. सगळं छान चाललं होतं.

पाचव्या मिनिटाला घड्याळाचा पट्टा तापून व्याह्यांना चटका बसला. त्यांनी घड्याळ काढून बाकावर ठेवलं. चिडाच्या फळ्या तापल्या की त्यांतून राळ पाझरते, ती एक थेंब होऊन नेमकी त्यांच्या टकलावर पडली. "पाणी टाकू?" मी विचारलं. "अवश्य," ते म्हणाले. मी टाकलं. वाफ उठली, मी आरोळी ठोकली, आणि व्याही उठून म्हणाले, "आता पुरे. आपली रजा घेतो."

त्यांनी दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. कडुनिंबाचं लाकूड मी पुरतं वाळू दिलं नव्हतं, वाफेने ते फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. त्यांनी जोर लावला आणि मूठ त्यांच्या हातात आली. आत उघडणारं दार, आणि आतून धरायला काही नाही. आम्ही दोघांनी नखांनी फट उकरून पाहिली. मग मी ओरडलो. पंचाची पर्वा न करता, पोटातून ओरडलो.

पुढच्या अंगणातून बायकोचा आवाज आला. ती विहीणबाईंना सांगत होती, "ते ओरडतातच. मजा येते त्यांना."

मी शेगडीत आणखी लाकूड घालायचं सोडून दिलं आणि वरचा छोटा झरोका पूर्ण उघडला. उष्णता वर चढते, खाली बरं असतं, म्हणून आम्ही फरशीवर बसलो. दोन व्याही, गुडघ्याला गुडघा लागलेला, मधे ती मूठ. आग विझायला अर्धा तास तरी लागला असता.

व्याह्यांनी ती मूठ उचलून पुन्हा खाली ठेवली. मग एकाएकी म्हणाले, "हे सगळं आपल्या मुलीमुळे."

मला वाटलं दाराबद्दल बोलतायत. "दार गवंड्याने बसवलं," मी म्हटलं.

"दार नाही हो! परदेश. माझा एकुलता एक मुलगा. धुळ्यात नाही तर नाशकात राहिला असता. आपल्या मुलीने त्याला तिकडे नेलं."

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. "माझ्या मुलीने? अहो, तुमच्या मुलानेच नेलं तिला! ती इथं नोकरीत कायम होणार होती. सहा वर्षं आम्ही गप्प बसलो, म्हटलं जावई आहेत, काय बोलायचं."

"अर्ज तिने भरून दिला होता त्याचा!"

"भरून दिला असेल, पण भर म्हणून कोण म्हणालं?"

आम्ही दोघे एकमेकांवर ओरडत होतो आणि बाहेर सगळ्यांना वाटत होतं आम्हाला मजा येते आहे. ओरडून दम लागला. घाम डोळ्यांत जात होता. मी म्हटलं, "आणि एवढं वाटतं तर बाळ झालं तेव्हा आला का नाहीत? मुलांनी तुम्हाला किती बोलावलं. तुम्हीच गुडघ्याचं कारण सांगितलंत."

तेव्हा मुख्याध्यापकांचं पुस्तकी मराठी संपलं आणि घरची अहिराणी सुरू झाली. "माना गुडघाले काहीच व्हयेल नई शे!" ते ओरडले. मग आवाज खाली आला. "माले भेव लागस."

"विमानाचं?"

ते मान हलवून नाही म्हणाले. मग सांगू लागले. आयुष्यभर त्यांनी इंग्रजी शिकवलं. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं. पण खऱ्या परदेशी माणसाशी ते कधी एक वाक्य बोललेले नव्हते. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने काही विचारलं आणि आपल्याला कळलंच नाही तर? मागे रांगेत बायको उभी. धुळ्यात निम्म्या गावाला इंग्रजी शिकवलेला माणूस, आणि त्याला एक प्रश्न कळत नाही. म्हणून गुडघा.

मला हसू आलं नाही. यायला हवं होतं, पण आलं नाही. "सर," मी म्हटलं. तोवर मी त्यांना कधी सर म्हटलं नव्हतं. "त्या विमानतळावर मी काय बोललो माहीत आहे? डॉटर. बेबी. आणि दोन्ही हातांनी बाळ झुलवून दाखवलं. त्याने शिक्का मारला."

"क्रियापदच नाही?"

"एकही नाही."

ते असे हसले की पंचा सुटला. तो त्यांनी सावरला, पण सावकाश.

तेवढ्यात दाराला बाहेरून धक्का बसला. वांगी भाजून सोलूनही झाली तरी हे दोघे येत नाहीत म्हणून बायको बघायला आली होती. दोन्ही हातांत ताटं, म्हणून तिने कमरेने ढकललं, आणि दार एका फटक्यात आत येऊन व्याह्यांच्या पाठीवर आदळलं. बाहेर थंडगार हवा, दारात बायको, तिच्यामागे विहीणबाई, आणि फरशीवर आम्ही दोघे लालबुंद, राळेने माखलेले.

"भांडलात का?" विहीणबाईंनी विचारलं.

"चर्चा झाली," व्याही म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी चार भाकरी खाल्ल्या. कारखान्यात जेवायच्या सुट्टीत खातात तशा, भराभर. दुसऱ्या आठवड्यात मी चौकट फोडून दार उलटं बसवून घेतलं. मुलीला आणि जावयांना मात्र फोन करून विचारलंच, की तिकडे जायचं नक्की कोणाच्या मनात आधी आलं. दोघांनी एकदम उत्तर दिलं, आणि दोघांनी स्वतःचंच नाव घेतलं. व्याह्यांना हे फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आता चिडायचं कोणावर?"

त्यांनी पासपोर्ट काढला. उन्हाळ्यात दोघे गेले, तीन आठवडे राहून आले. विमानतळावर काय झालं ते मी विचारलं. अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो त्यांना खरंच कळला नाही. त्यांनी "पार्डन" म्हटलं. त्याने पुन्हा विचारला, आणि या वेळी कळलं की त्या अधिकाऱ्याच्या इंग्रजी वाक्यात 'द' हे उपपद राहून गेलं आहे. "मी दुरुस्त करणार होतो," म्हणाले, "पण मागे रांग होती."

यंदा थंडी पडल्यापासून ते तीनदा एसटीने आले. आता ते बाकाच्या वरच्या पायरीवर बसतात आणि मला सांगतात की फिनलंडमध्ये लाकूड बर्चच्या झाडाचं असतं, पाणी एवढं टाकत नाहीत, आणि पंचा तर अजिबात नेसत नाहीत. पहिल्या दोन गोष्टी मी ऐकून घेतो.