उजव्या वळणावरचा दिवा

पन्नाशी ओलांडल्यावर मी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन सीटची, सेकंडहँड. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं लहानसं मशीन शॉप आहे. फाउंड्रीत ओतून आलेली लोखंडाची ओबडधोबड कास्टिंग्ज आम्ही लेथवर चढवून मापात आणून देतो. गाडी माझी हौस होती आणि माझ्याच कमाईची होती. माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. घरी पाहुणे आले की ते म्हणायचे, "आमची स्पोर्ट्स कार बघितली का?" आणि पेट्रोल भरायची वेळ आली की ती "तुझी गाडी" व्हायची. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

पहिल्याच पावसाळ्यात डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागायला लागला. जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊ नयेत, गाडी घसरू नये म्हणून जी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असते, ती बंद पडल्याची ही खूण. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की दिवा जायचा. आठवडाभर मी नीट लक्ष ठेवलं. हायवेवर कितीही पळवा, दिवा लागत नव्हता. आमच्या गल्लीतून बाहेर पडताना स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं की लागायचा. डावीकडे फिरवलं की नाही. मशीनपाशी आयुष्य गेलं की एवढं कळतंच. बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही, हे आधी बघायचं.

हायवेवर परदेशी गाड्यांचं एक वर्कशॉप आहे. काचेची भिंत, आत एसी, कॉफीचं मशीन. यजमान म्हणाले, "मी येतो बरोबर." मी नको म्हटलं नाही.

मॅनेजरनं आमच्याशी हात मिळवला, म्हणजे यजमानांशी. "बोला सर, काय त्रास आहे?"

"गाडी माझी आहे," मी म्हटलं. "दिवा फक्त उजवीकडे पूर्ण वळवल्यावर लागतो. पुढच्या चाकाकडे जाणारी एखादी वायर ताणली जात असेल. आधी तेवढं बघा."

त्यानं मान डोलावली आणि यजमानांना विचारलं, "सर, मॅडम ब्रेकवर पाय ठेवून चालवतात का?"

यजमान हसले. "ते तिलाच विचारा." पण त्यांचं हसणं त्याला उत्तर म्हणून पुरलं.

गाडीला स्कॅनर लावला. कंट्रोल युनिटकडून चुकीचे सिग्नल येत आहेत असं काहीतरी स्क्रीनवर आलं. पुढचं तपासून कळवतो, असं म्हणून त्यांनी गाडी ठेवून घेतली. त्या आठवड्यात माझ्याकडे मोठी ऑर्डर होती, मी शॉपमधून हलले नाही. मग एक दिवस फोन आला की गाडी तयार आहे, एबीएसचं युनिट बदललंय. बिल चार लाखांच्या वर होतं.

"मला न विचारता?" मी म्हटलं.

"मॅडम, अप्रूव्हल मिळालं होतं."

मला वाटलं, पहिल्या दिवशी ज्या कागदांवर सह्या घेतल्या त्यातच कुठेतरी ते असेल. नवीन लेथसाठी साठवत असलेल्या पैशांतून मी बिल भरलं. जुनं युनिट मागितलं, तर म्हणे ते कंपनीला परत गेलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं पन्हाळ्याला गेलो. परतताना बारीक पाऊस होता. घाटातलं एक तीव्र उजवं वळण घेताना पिवळा दिवा लागला. तो लागलेला मी बघितला, आणि तेवढ्यात पुढचा दुधाचा टेम्पो एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. चाकं जाम झाली. ओल्या डांबरावरून गाडी तशीच सरकत गेली. मी ब्रेक सोडून स्टेअरिंग डावीकडे ओढलं आणि आम्ही कडेच्या चिखलात जाऊन थांबलो. टेम्पोला लागलं नाही, आम्हालाही नाही.

टेम्पोवाला उतरून आला. माझ्या बाजूनं न येता तो यजमानांच्या खिडकीपाशी गेला.

"ओ पावणं, घाटात ताईंच्या हातात गाडी कशाला दिलीसा? जीव जड झालाय व्हय?"

यजमान काच खाली करून म्हणाले, "काय सांगायचं! ऐकतंय कोण?"

दोघंही हसले. मी स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. दिवा अजून लागलेलाच होता. मी तो दाखवला, तर यजमान म्हणाले, "अगं, नवीन युनिट आहे. तूच घाबरून दाबलास ब्रेक."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वर्कशॉपला गेले. गाडी सगळ्यांसमोर उभी केली, मॅनेजरला शेजारी बसवलं आणि स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवून गाडी चार हात पुढे नेली. दिवा लागला. बंद करून पुन्हा तेच केलं. पुन्हा लागला.

"आता रॅम्पवर घ्या," मी म्हटलं. "मी खाली उभी राहते."

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, कस्टमरला खाली अलाऊड नाही." तरीही मी जाऊन उभी राहिले. पुढच्या डाव्या चाकामागची सेन्सरची वायर क्लिपमधून निसटली होती. चाक उजवीकडे वळलं की ती ताणली जायची. बाहेरून धड दिसत होती, पण बोटांनी वाकवल्यावर आतली तार तुटलेली कळत होती.

"हे नंतर झालेलं असणार," मॅनेजर म्हणाला.

"पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

तो चिडून म्हणाला, "मॅडम, मला बोलून उपयोग नाही. मी सरांना फोन केला होता. दोन पर्याय दिले होते. आधी वायरिंग उघडून बघतो, त्याला वेळ लागेल, नाहीतर थेट युनिट बदलतो. सर म्हणाले, तिचं वायरचं काय घेऊन बसलाय, बदलून टाका."

मी काउंटरवर गेले, सेन्सर आणि वायर बदलायला सांगितली आणि त्याचेही पैसे भरले. युनिटचे पैसे परत मिळणार नाहीत, हे मला तिथल्या चार वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. आपण ग्राहक मंचात जाऊ, असं माझ्या मनात होतं. पण तिथं माझ्या विरुद्ध साक्ष माझ्याच घरातून निघाली असती.

घरी यजमान पेपर वाचत होते. मी विचारलं, "अहो, तुम्हाला वर्कशॉपमधून फोन आला होता?"

"आला होता. तू कामात होतीस. आपल्याला यातलं काय कळतं? ते एक्सपर्ट आहेत."

"मला कळत होतं."

"बरं, झालं ते झालं. पैसे काय तुझे-माझे वेगळे आहेत?"

पैशांचं मी बोललेच नव्हते. त्यांना तेवढंच ऐकू गेलं. घाटात हसल्याबद्दल मी विचारलं, तर त्यांना आठवेना. खरंच आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

गाडी आता ठीक आहे. उजवीकडे, डावीकडे, कुठेही वळवा. लेथ घ्यायचं मात्र राहून गेलं. जुन्यावरच ओढाताण करून काम चाललंय. आम्ही दोघं त्या गाडीत पुन्हा बसलो नाही. मी एकटीच जाते, कधी गगनबावड्यापर्यंत. निघताना कुठं जाते ते सांगते, ते बरं म्हणतात.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी उठून गॅलरीत आले, तर खाली यजमान बादली घेऊन गाडी धूत होते. आजवर त्यांनी कधी तिला फडकंही लावलं नव्हतं. चाकांच्या जाळीतून बोटं घालून चिखल काढत होते, अगदी मन लावून. मध्येच त्यांनी वर बघितलं. मी काही तरी म्हणेन, अशी त्यांची अपेक्षा असावी.

मी आत जाऊन चहा ठेवला. माझ्यापुरता.