चिंचोक्याची चाल

चेअरमन काका आज गेले आणि मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला 'गावाचा आधारवड हरपला' चाललंय. चालू द्या. त्या वडाखाली काय काय वाळलं, ते मला विचारा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नळदुर्गजवळचं आमचं गाव.
वडील नुकतेच वारले होते. मागं राहिलो आई, मी आणि त्यांनी लावलेली मोसंबीची झाडं.

धाकटे काका पाण्याच्या सोसायटीचे चेअरमन. त्या साली पाऊस नव्हता. काकांनी सगळ्यात आधी आमची पाण्याची पाळी कापली आणि ते पाणी स्वतःच्या उसाला वळवलं.

सख्खा भाऊ जाऊन वर्ष झालं नव्हतं हो!

आई भांडली नाही. दिवाळीच्या पाडव्याची वाट बघत बसली.

पाडव्याला दुपारी आख्खं घर तीन पत्ती खेळायचं. पैशाऐवजी चिंचोके. दीर-भावजयीची थट्टा त्या दिवशी चालायची.

आईची एक रीत होती. हलके पत्ते आले की काकांनी तोंड उघडायच्या आत ती एकच चिंचोका पुढं सरकवायची.
एवढ्याशा चालीवर मोठी चाल टाकणं काकांना कमीपणाचं वाटायचं. तेही एकच टाकून शो मागायचे. आई हरायची, पण थोडक्यात हरायची.

आजची पोरं पोकरमध्ये याला स्ट्रॅटेजी म्हणतात. आमच्या घरात भित्रेपणा म्हणायचे.

"वैनीनं चिंचोका सरकवला की समजायचं, हातात कायबी न्हाय!" काका सगळ्यांना सांगून हसायचे.

त्या दिवशीही दुपारभर तेच. मग एका डावाला आईनं पुन्हा तसाच चिंचोका सरकवला.

काकांच्या हातात एक्का-राजा-राणी, तिन्ही एकाच रंगाचे. त्यांना चेव आला.

"पुरं झालं चिंचोकं, वैनी. म्या उन्हाळ्यापतूरची माझी पाण्याची पाळी लावतो. तुमी मोसंबीचा तुकडा लावा."



आई म्हणाली, "बरं, भावजी. समद्यांनी ऐकलं न्हवं? शो."

तीन दुर्र्या.

पत्त्यांत सगळ्यात हलक्या, पण तिन्ही सारख्या. त्यावर एक्का-राजाचं काय चालणार?

"गंमत केली, वैनी," काका म्हणाले.

आजी, म्हणजे काकांची आई, भिंतीला टेकून बसली होती. "तोंडानं लावलंस न्हवं? आता हातानं दे."

मोसंबी जगली. काकांचा ऊस उभा जळाला. तो बघायला मी शाळेतून मुद्दाम वाट वाकडी करून यायचो.

काका आईशी पुन्हा कधी बोलले नाहीत. आई गेली तेव्हा तिच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला सगळं गाव आलं. सख्खा दीर घरात बसून राहिला.

आज स्मशानात सगळ्यांनी काकांना पाणी पाजलं. तांब्या माझ्या हातात आला, काठोकाठ भरलेला.

मी एकच थेंब सोडला. चिंचोक्याएवढा.

जा काका, एवढ्यावरच भागवा. माझी श्रद्धांजलीही तेवढीच.