देवघरातला घोडेस्वार

समोरच्याचं तोंड सताड उघडं ठेवून, त्याला एक अक्षरही बोलू न देता, त्याच्या सात पिढ्यांची माहिती काढून घेणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच झाला, आणि तो आमच्या नात्यात आला. तुमचे धुळ्याचे मावसआजोबा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. दातांचे डॉक्टर. मी त्यांना डॉक्टर म्हणते, ते मला अक्का म्हणतात. तुमची त्यांची भेट झाली ती एकदाच, लग्नाच्या गर्दीत. तेव्हा त्यांनी तुमच्या दाढा बघितल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. माणूस मात्र तुमचा बघायचा राहिला, म्हणून हे लिहिते आहे.

दात हा त्यांचा धंदा. संसार केला तो जुन्या लढायांच्या मेडलांशी. लग्नाच्या बायकोचा नंबर त्यानंतर लागतो, असं माझी बहीण सांगते, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. साहेबाच्या राज्यात, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, आपल्याकडची माणसं पलटणीत जात, इराकात बसऱ्याच्या वाळवंटापर्यंत जाऊन लढत, आणि त्याबद्दल त्यांना राजाच्या चेहऱ्याचं मेडल मिळे. त्या मेडलाच्या कडेवर शिपायाचं नाव, नंबर आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. डॉक्टरांचा सगळा जीव त्या कडेत. "लोक राजाचं तोंड बघत बसतात, अक्का. तोंडात काय असतं?" हे वाक्य एक दंतवैद्य बोलतो आहे, याचं त्यांना कधीच काही वाटलं नाही. दाढेमागची कीड बघायचा लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन ते मेडलाभोवती असे फिरतात, की मेडलानं आता 'आ' करावं असं बघणाऱ्याला वाटू लागतं.

मेडल घासायचं नाही, हा त्यांच्या घरातला पहिला कायदा. माझ्या बहिणीनं एका दिवाळीत नेमकं चिंच-मीठ लावून एक मेडल लख्ख केलं. डॉक्टर फराळाला बसले नाहीत. "शंभर वर्षांचं वय धुऊन काढलंस!" म्हणून हळहळत राहिले. "मग काय दिवाळीत काळी चांदी मांडू?" बहिणीनं विचारलं, आणि त्यांच्या वाटणीच्या करंज्या शेजारी पाठवून दिल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर छंद म्हणून सोडून देता आलं असतं. पण कडेवरचं नाव वाचलं, की तो माणूस कुठल्या गावचा, त्याचं पुढे काय झालं, घरात आता कोण आहे, हे कळेपर्यंत डॉक्टरांना अन्न गोड लागत नसे. काही गावांत चावडीच्या भिंतीवर त्या युद्धाला गेलेल्यांची संगमरवरी पाटी असते. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचा हात फिरलेला असतो. डॉक्टर बादली आणि ब्रश घेऊन जात आणि पाटी धुऊन काढत. एका गावात लोकांना वाटलं, मंत्री येणार आहेत. त्यांनी पुढचा रस्ताही झाडून घेतला.

बाकीचं संशोधन खुर्चीत चाले. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला, की प्रश्न सुरू. "घरातलं कोणी पलटणीत होतं? होतं तर एक बोट वर करा. परत आले असतील तर दोन." धुळ्यातली अर्धी माणसं त्यांच्याकडे बोटांनी बोलायला शिकली आहेत.

आता सुपडूची गोष्ट. आधीची मुलं जगली नाहीत, की पुढच्या बाळाला सुपात घालायचे आणि नाव सुपडू ठेवायचे, अशी आपल्याकडची जुनी रीत. डॉक्टरांना एका सराफाच्या मोडीत काशाचं एक मेडल मिळालं. चांदी नसल्यामुळे ते मुशीतून वाचलेलं. कडेवर फक्त नंबर, पलटण आणि 'शिपाई सुपडू'. गाव नाही, आडनाव नाही. खानदेशात नुसता सुपडू शोधणं म्हणजे यावलच्या केळीच्या बागांतून एक ठरावीक केळं शोधून आणणं! शिवाय अशी मेडलं जोडीनं मिळत, एक काशाचं आणि एक चांदीचं. त्यामुळे डॉक्टरांच्या पेटीत, मखमलीवर, या काशाच्या मेडलाशेजारी एक गोल खळगा रिकामा असे. "ही जोड जुळली की मी डोळे मिटायला मोकळा," असं ते म्हणत. बहीण म्हणे, "आधी पेशंटचं तोंड मिटा."

मी धुळ्याला राहायला गेले असतानाच जवळच्या एका खेड्यातले एक गृहस्थ, सगळे त्यांना भाऊ म्हणत, कवळीसाठी आले. माप घ्यायला तोंडात गुलाबी लगदा भरलेला, आणि वरून नेहमीचे प्रश्न. भाऊंचं एक बोट वर झालं. दुसरं झालं नाही. लगदा निघताच ते म्हणाले, "मना आजाना बाप गयथा पलटणमा. सुपडू नाव. परत उनाच नई."

"त्यांचा एखादा बिल्ला घरात?"

"बिल्ला नई. घरमा चांदीना देव शे फक्त. घोडावरना खंडेराव."

डॉक्टरांच्या हातातला आरसा खाली पडला. त्या चांदीच्या मेडलाच्या मागच्या बाजूला घोडेस्वार असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी निघालो. "तुम्ही चला अक्का, बायकांशी बोलायला कोणी हवं," असं म्हणून डॉक्टरांनी मला नेलं. ते काशाचं मेडल त्यांनी वाटेत इतक्यांदा खिशात चाचपलं, की गाडी मीच चालवायला हवी होती, असं मला वाटून गेलं. भाऊंच्या आई ऐंशीच्या घरातल्या, आणि देवघर त्यांच्या ताब्यातलं. देव विकत मागायचं धाडस मुळात डॉक्टरांना नव्हतंच, तरी त्यांच्या चेहऱ्यावरची हाव म्हातारीनं ओळखली. "देव कोन्ही इकस का, डॉक्टर? देखनं व्हई ते आंघोळ करीसन देखा."

डॉक्टरांनी मोरीत आंघोळ केली, भाऊंचं पोटरीपर्यंत येणारं धोतर नेसलं आणि देवघरासमोर मांडी घातली. देव हातात आला. इतकी वर्षं दर सणाला चिंचेनं घासून घोडेस्वाराचे नाकडोळे गेलेले, फीत अडकवायची वरची दांडी तुटलेली, कड गुळगुळीत. आरशात काही दिसेना. मग त्यांनी पिशवीतून तोच गुलाबी लगदा काढला.

"देवले दुखाव नई ना?" म्हातारी पुढे सरसावली.

"नाही माय. मुळीच नाही," ते म्हणाले, आणि लगद्यावरून देवाची कड हळूहळू फिरवताना सवयीनं देवालाच दटावलं, "हलायचं नाही हं."

मग लगद्यातली उलटी अक्षरं त्यांनी आरशात धरून सुलटी वाचली. नावातली एकदोन अक्षरं आणि नंबर. तो नंबर त्यांना झोपेतही पाठ होता. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. पण तासन्‌तास बोलणारे डॉक्टर लगद्याची पट्टी रुमालात गुंडाळत बसले. सांगावं तर या घराचा खंडेराव जाणार. न सांगावं तर सुपडू परत हरवणार.

"काय निंघनं?" म्हातारीनं विचारलं.

"माय, हा खंडेराव नाही," डॉक्टर अगदी हळू म्हणाले. "हा तुमचा सुपडू आबा आहे."

म्हातारीनं तो घोडेस्वार पदरानं पुसून जवळ घेतला. मग सांगू लागली. सुपडूची बायको म्हणजे तिची आजेसासू. नवरा गेल्याची खबर आली, पण तिनं बांगड्या फोडू दिल्या नाहीत. लढाईत किंवा अवेळी गेलेल्या पुरुषाचा 'वीर' म्हणून चांदीचा टाक करतात, धुळवडीला तो वाजतगाजत मिरवतात. गावात घरोघरी वीर. या घरात तिनं तो कधी करू दिला नाही, कारण वीर मेलेल्याचा असतो. हा देव मात्र ती असेपर्यंत तिच्याशिवाय कोणी घासायचा नाही. "कोना देव, असं मी एकदाव इचारं," म्हातारी म्हणाली. "ती म्हने, मना." मना म्हणजे माझा.

मग डॉक्टरांनी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातलं काशाचं मेडल काढलं, आणि मी बघत असताना ते देवघरात चांदीच्या मेडलाशेजारी ठेवलं. ठेवून हात जोडले. परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली.

त्या धुळवडीला भाऊंच्या घरातून पहिल्यांदा वीर निघाला. लाल फडक्यात दोन्ही मेडलं, पुढे डफ, आणि भाऊंच्या शेजारी आखूड धोतरातले डॉक्टर, नव्या कवळीतून हसणाऱ्या भाऊंपेक्षा जास्त खूश. गावकऱ्यांना ते आता पाहुणे वाटत नाहीत. गावकऱ्यांच्या दाढा मात्र अजून तिथेही तपासल्या जातात.

आता डॉक्टरांचा हात थोडा कापतो. दवाखाना त्यांनी या वर्षी बंद केला. तुम्ही याल तेव्हा ते पेटी उघडतील आणि एकेका शिपायाची गोष्ट अशी रंगवून सांगतील, की जेवणं निवून जातील आणि माझी बहीण दोनदा हाक मारून जाईल. काशाच्या मेडलाची जागा मोकळी आहे. शेजारच्या, कायम रिकाम्या असलेल्या खळग्यात आता गुलाबी लगद्याची एक पट्टी ठेवलेली असते. तिथे बोट ठेवून विचारून बघा, इथलं मेडल कुठे आहे म्हणून. एवढा बोलणारा माणूस, पण तिथे त्याचा आवाज खाली येतो, आणि तुमच्याकडे न बघताच तो म्हणतो, "तो घरीच होता रे. मीच उशिरा पोचलो."